घरीच पहिली : भाषेसाठी काय घ्यावं, काय राहू द्यावं

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेल्या घरांत जून जवळ आला की खरेदीची यादी वाढू लागते. फोनिक्सचं किट, फ्लॅशकार्डांचे संच, कर्सिव्हच्या वह्या, एखाद्या अमेरिकन होमस्कूल अभ्यासक्रमाची वर्षभराची वर्गणी आणि ‘असू दे’ म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातली अंकलिपी. या यादीत हौस कमी आणि धास्ती जास्त असते. शाळा नाही, म्हणजे मूल मागे पडलं तर बोल आपल्यालाच. मग निदान साहित्य तरी भरपूर हवं. माझं मत उलटं आहे. पहिलीच्या भाषेसाठी साहित्य थोडंच घ्यावं आणि पैसे घालायचेच तर वर्कबुकांत न घालता गोष्टीच्या पुस्तकांत घालावेत.

आधी ती धास्ती. ‘पुढे दहावीचं काय?’ हा प्रश्न मूल सहा वर्षांचं असतानाच विचारला जातो, आणि आजी-आजोबा तर तो रोज विचारतात. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये होमस्कूलिंगचा उल्लेख नाही. मात्र शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. शिवाय 14 वर्षं पूर्ण झाली की एनआयओएसकडून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, दहावी देता येते. तेव्हा दहावीचं ओझं पहिलीवर टाकू नका. पहिलीच्या अखेरीस मुलाला काय यावं? केंद्र सरकारच्या 2021 च्या ‘निपुण भारत’ अभियानानं ठरवलेलं उद्दिष्ट असं : वयाला साजेशा, पूर्वी न वाचलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता यावीत. बस, एवढंच. कर्सिव्ह त्यात कुठेही नाही.

घरात मराठी बोलतात आणि शिकवतात मात्र इंग्रजीतून, असंही अनेक घरांत दिसतं. कारण एवढंच की तयार साहित्य इंग्रजीत सहज मिळतं. पण वाचन म्हणजे ओळखीचा शब्द कागदावर सापडणं. जे शब्द मूल रोज ऐकतं-बोलतं, त्याच भाषेत आधी वाचायला शिकवा. इंग्रजी गाणी आणि गोष्टी कानावर पडू द्या. इंग्रजीचं वाचन मराठी वाक्यं जमू लागल्यावर. घरात इंग्रजीच बोलली जात असेल, तर अर्थातच क्रम बदलेल.

इंग्रजीची फोनिक्स पद्धत मराठीला जशीच्या तशी चिकटवू नये. तिथे एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, म्हणून तो सगळा खटाटोप. आपली अडचण निराळी आहे. ‘क’मध्ये ‘अ’ मिसळलेलाच असतो, काना पुढे लागतो, मात्रा डोक्यावर बसते, उकार खाली जातो आणि ‘कि’ची वेलांटी लिहिताना आधी, उच्चारताना नंतर. मुलं अडखळतात ती इथे. अंकलिपीचा क्रम म्हणायला छान आहे, वाचायला शिकवण्यासाठी नाही. व्यंजनांत ‘ङ’ पाचवा येतो, आणि तो असलेला शब्द मुलाला दाखवायचा म्हटलं तर आपल्यालाच सुचत नाही!

त्याऐवजी क, म, ब, न, र एवढीच अक्षरं घ्या आणि काना पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा. काका, मामा, बाबा, नाक, कान, मान, बाक, कमान इतके शब्द लगेच हाताशी येतात. ‘काका, कान बरा ना?’ हे अख्खं वाक्य या पाच अक्षरांत आणि एका कान्यात लिहिता येतं, आणि मुलाला हसूही येतं. मग पुढचा गट, पुढची खूण. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्यात नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’नं मराठी मुलांच्या वाचनावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. परदेशी अभ्यासक्रमाची वर्गणी भरण्याआधी त्यांचं काम पाहा.

आता पुस्तकं. ‘बालभारती’चं पहिलीचं पुस्तक ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं, ते आधाराला ठेवा. खरी मेजवानी त्याच्या बाहेर आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ मालिका आणि ‘राधाचं घर’ घ्याच, कारण त्यांतली मुलं मराठी घरांतल्या मुलांसारखी बोलतात. ‘वाचू आनंदे’चे बालगटाचे भाग तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त असतात. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मोफत मिळतात, पहिल्या पातळीच्या छापून घेतल्या की महिनाभराची सोय होते. मात्र तिथल्या बऱ्याच गोष्टी भाषांतरित आहेत, म्हणून छापण्याआधी एक पान मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली, तर मुलाचीही अडखळणार.

दुकानात पुस्तक हाती आलं की ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठीच्या प्रमाण वळणात ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असतो. बरीच पुस्तकं, आणि मोबाइल तर हमखास, हिंदी वळणाची अक्षरं दाखवतात. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही, पण नुकतं अक्षर ओळखू लागलेलं मूल गोंधळतं. निदान पहिलं वर्ष तरी एकच वळण डोळ्यांसमोर राहू द्या.

लेखनासाठी पाटी आणि एक दुरेघी वही. चौरेघी इंग्रजीची, ती नंतर. गिरवण्याची जाडजूड पुस्तकं घेऊ नका. त्यांत हात फिरतो, डोकं फिरत नाही. त्यापेक्षा मूल सांगेल ते वाक्य तुम्ही ठळक अक्षरांत लिहा, खाली त्याला चित्र काढू द्या आणि दुसऱ्या दिवशी तेच पान दोघांनी मिळून वाचा. ‘आजीनं माझा लाडू खाल्ला’ या वाक्यातलं जोडाक्षर अजून शिकवलेलं नसलं तरी मूल ते ओळखतं, कारण तक्रार त्याची स्वतःची असते. अशी पंचवीस-तीस पानं शिवली की घरचं वाचनपुस्तक तयार.

रोज नेटानं बसूनही वर्षअखेर अक्षराला अक्षर जुळत नसेल, तर नवं किट आणू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मग गरज वाटल्यास तज्ज्ञाला दाखवा. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारखी संस्था याच कामाला वाहिलेली आहे. मुलाला आळशी म्हणण्याची घाई मात्र कुणी करू नये.

तर पालकहो, यंदा पाच-सहा गोष्टीची पुस्तकं, बालभारती, पाटी आणि वही एवढंच घ्या आणि दिवाळीपर्यंत दुसरं काही विकत आणू नका.