सांगाडा परदेशचा, उतार साजगावचा

कार्तिकात आमच्या साजगावी बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, तेव्हा पंचक्रोशीतील माणसे सुक्या मासळीच्या ढिगापुढे बसून बोंबील हातात घेतात, त्याचा वास घेतात, मधोमध मोडून पाहतात, भावावर यथेच्छ हुज्जत घालतात आणि मगच पिशवीचे तोंड उघडतात. या चिकित्सेबद्दल विकणारणीला राग येत नाही, की घेणाऱ्याला संकोच वाटत नाही. त्याच गावात राहून, आणि आयुष्याची पस्तीस वर्षे खोपोलीकडच्या एका कारखान्यात आलेला माल मोजून नापास करण्याच्या कामी खर्ची घालून, मी मात्र माउंटन बाइकची एक फ्रेम केवळ रंगीत चित्र पाहून व खाली छापलेले चार आकडे वाचून समुद्रापलीकडून मागवली, ही कबुली आरंभीच देऊन टाकलेली बरी. त्या फ्रेमपायी जो द्रव्याचा आणि अस्थींचा व्यय झाला, त्याची ही हकिकत आहे.

तयार सायकली मुंबई-पुण्यात मिळतात, हे मला ठाऊक होते. परंतु निवृत्त माणसाच्या हातांना काम हवे असते, आणि आपण स्वतः जुळवलेल्या यंत्रावर बसून ताकई-आडोशीच्या बाजूच्या पायवाटा पालथ्या घालाव्यात, ही लालसा त्या हातांना पुरून उरली. फ्रेम ॲल्युमिनियमची, २९ इंची चाकांसाठी घडवलेली, आणि किंमत इतकी माफक की संशय यायला हवा होता.

त्या किमतीविषयी प्रथम सांगतो. जाहिरातीतला आकडा ही किंमत नव्हे, तो केवळ बयाना समजावा. परदेशातून वस्तू आली की तिची मूळ किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करून तीवर आयात जकात बसते, त्या जकातीवर दहा टक्के अधिभार बसतो आणि या सर्वांवर पुन्हा जीएसटी. पूर्ण सायकल कस्टमच्या ८७१२ या शीर्षकाखाली येते आणि सुटी फ्रेम ८७१४ खाली, सायकलीचा भाग म्हणून. दोहोंचे जकातीचे दर एकच असतात असे नाही. २०१२ च्या अर्थसंकल्पात पूर्ण सायकलीवरची जकात दहावरून तीस टक्क्यांवर आणि भागांवरची दहावरून वीस टक्क्यांवर नेली गेली होती. दर पुढेही बदलत राहतात, तेव्हा मागणी नोंदवण्याच्या दिवशीचा दर पाहावा. माझ्या पाठवणाऱ्याने बीजकावर वस्तूचे वर्णन ‘खेळाचे साहित्य’ असे मोघम लिहिले, त्यामुळे दस्तऐवजांची रुजवात लागेना, आणि माझे खोके विमानतळावरच्या गोदामात सतरा दिवस पडून राहिले. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ पासून आमच्याच रायगड जिल्ह्यात उभे आहे, पण त्या शेजाराचा अशा प्रसंगी काडीइतकाही उपयोग होत नाही. बीजकावर ‘सायकलीची फ्रेम, ॲल्युमिनियम, नग एक’ असा स्वच्छ मजकूर लिहावयास पाठवणाऱ्याला आधीच बजावावे, आणि स्वतःचे ओळखीचे कागद तयार ठेवावेत.

खोके उघडल्यावर खरा अभ्यास सुरू झाला, आणि तो पैसे देण्यापूर्वी व्हायला हवा होता. सायकल म्हणजे सायकल, तिचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतात, ही आपली समजूत काळ्या, दांड्याच्या सायकलींच्या काळातली आहे. त्या काळी ॲटलसची वाटी हर्क्युलिसला बसत असे आणि छर्रे पुडीत बांधून मिळत. आजच्या माउंटन बाइकमध्ये मागच्या चाकाच्या हबची रुंदी कुठे १३५ मिलिमीटर असते, कुठे १४२, कुठे १४८. सीटची दांडी २७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटर व्यासाची. यांतील शेवटच्या दोन मापांतला सात दशांशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण दांडी मात्र खाली घसरत राहते. आणि इंचांवर तर कधीच विश्वास ठेवू नये. आमच्या आजोबांच्या २८ इंची सायकलीच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि २९ इंची म्हणवणाऱ्या माझ्या नव्या चाकाचा ६२२. म्हणजे अठ्ठावीस हे एकोणतिसांहून मोठे आहेत, हे गणित शाळेत कोणी शिकवले नव्हते. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत हे मिलिमीटर छापलेले असतात, तेवढेच वाचावेत.

माझा घात केला तो मागच्या ॲक्सलने. फ्रेमसोबत ॲक्सल आला नाही. मी वर्नियर लावून जाडी पाहिली, बारा मिलिमीटर. लांबी मोजली, तीही बरोबर. आणि दुसरीकडून एक ॲक्सल विकत आणला. परंतु या बारा मिलिमीटरच्या ॲक्सलला आटे निरनिराळ्या अंतरांचे असतात: कुठे एक मिलिमीटरचे, कुठे दीडचे, कुठे पावणेदोनचे. पहिला वेढा सहज गेला, दुसरा जरा जड गेला, आणि तिसऱ्याला मी, पस्तीस वर्षांचा तपासनीस, पान्हा लावून जोर केला. चांदीच्या वर्खासारखा ॲल्युमिनियमचा चुरा बाहेर आला, तेव्हा मला कळले. बोटांनी फिरत नाही तो आटा चुकीचा आहे, हे मी कारखान्यात नव्या पोरांना किती वेळा सुनावले असेल, त्याची मोजदाद नाही. दैव बलवत्तर म्हणून त्या फ्रेमला ते आटे गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या हँगरमध्ये होते. हँगर हा सुटा, बदलता येणारा भाग असतो, नाहीतर सारी फ्रेमच मोडीत गेली असती. पण तोही त्याच एका फ्रेमला बसणारा, सबब पुन्हा परदेशातून मागवणे आले, पुन्हा बीजक, पुन्हा जकात. २०१९ पासून सर्वांना चालेल असा एक सामाईक हँगर प्रचारात आला आहे. फ्रेम निवडताना तो बसतो की नाही एवढे एक विचारले असते, तरी माझा दीड महिना वाचला असता.

या दीड महिन्यात मी खोपोलीतल्या एका वृद्ध कारागिराकडे जाऊ लागलो. त्याच्या दुकानात पंक्चरची पाण्याची घमेली आणि तारांची आऊट काढायचा एक लोखंडी चिमटा, याखेरीज यंत्रसामग्री नाही. पायडलच्या धुरीच्या वाट्या बसवताना उजवी वाटी काही केल्या आटे धरीना, आणि मी पुन्हा जोर करण्याच्या बेतात असता त्याने माझ्या हातून पान्हा काढून घेतला.

“साहेब, उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. ॲटलसलासुद्धा असंच असतं.”

पायडल मारताना बेअरिंगवरचा भार वाटीला हळूहळू उलट दिशेने सरकवतो, म्हणून उजव्या बाजूस उलटे आटे देण्याची ही प्रथा आहे. त्याला हे कारण ठाऊक नव्हते आणि मला वस्तुस्थिती ठाऊक नव्हती; दोहोंपैकी फ्रेम कोणत्या अज्ञानाने बिघडते, ते उघड आहे. नवी सायकल जुळवणाऱ्याने गावातल्या जुन्या कारागिराला हिणवू नये. त्याच्याकडे टॉर्कचा पान्हा नसतो हे खरे, तो मात्र आपण विकत घ्यावा. कारण हँडलच्या स्टेमचा बारीक बोल्ट साधारण पाच न्यूटन-मीटरवर घट्ट होतो, आणि कारखान्यात कमावलेल्या हाताला पाच म्हणजे किती, याचा अंदाज मुळीच नसतो.

आता अपघात. पुढच्या फोर्कची नळी लांब येते, ती आपल्या मापाने कापावी लागते. कापताना ती स्टेमच्या माथ्यापेक्षा तीनएक मिलिमीटर खालीच राहिली पाहिजे, कारण वरच्या टोपीचा बोल्ट नळीला वर ओढतो, टोपी स्टेमला खाली दाबते, आणि त्या दाबानेच बेअरिंगमधली फट मिटते. मी माप घेताना स्टेमखालचे एक कडे घालायला विसरलो होतो; कापल्यावर हँडल जरा खाली हवे वाटले म्हणून ते घालण्याऐवजी होते तेही एक काढले, आणि शेवटी नळी स्टेमच्या बरोबरीला आली. टोपी स्टेमवर न टेकता नळीवरच टेकली. बोल्ट मात्र छान आवळला गेला, आणि आवळला गेला म्हणून मी संतुष्ट झालो.

भातकापणीचे दिवस होते. सायकल पूर्ण झाली त्याच दिवशी सायंकाळी मी ती गावाबाहेरच्या टेकाडावर चढवली आणि खाचरांकडे उतरणाऱ्या मुरमाच्या पाणंदीवर सोडली. पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली खट् असा आवाज येई. नव्या यंत्राचे सांधे बसत असतील, अशी मी समजूत घातली. ब्रेकही अर्धवटच धरत होते, कारण डिस्क ब्रेकच्या पट्ट्या कोऱ्या असताना त्यांची पकड बसलेली नसते. मध्यावर उतार वाढला, मी दोन्ही ब्रेक जिवाच्या कराराने दाबले, सुटलेला फोर्क थरथरू लागला, पुढचे चाक बैलगाडीच्या चाकोरीत शिरले, आणि मी बांधावरून कापलेल्या भाताच्या बुडख्यांत जाऊन पडलो. हेल्मेटला चीर गेली, मनगटाच्या हाडालाही गेली. सहा आठवडे प्लास्टर. विळे टाकून धावत आलेल्या बायांपैकी एक म्हातारी मला उठवताना एवढेच म्हणाली, “बाबा, उतरताना चालत उतरायचं होतंत ना.”

पडलेली सायकल खोपोलीच्या कारागिराकडे नेली, तेव्हा त्याने ती उभी केली, पुढचा ब्रेक दाबून धरला, फोर्कच्या माथ्यावरच्या सांध्याला बोट लावले आणि सायकल मागे-पुढे हलवली. फट त्याच्या बोटाला एका क्षणात लागली. मी ते करायला विसरलो होतो, असे म्हणणे खोटे होईल. मला ते करायचे असते हेच ठाऊक नव्हते.

प्लास्टरच्या दिवसांत वाचन पुष्कळ झाले. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून सोडीत, आणि त्यातूनच माउंटन बाइक जन्मली. ज्या वाटेवर त्यांच्या शर्यती होत, तिचे नाव ‘रिपॅक’. कारण उतरता उतरता मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई, आणि प्रत्येक उतरणीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. आपण त्या तरुणांचे उतरणे तेवढे उचलले. उतरल्यावर हब उघडणे कोणी उचलले नाही. याहून जवळचा दाखला तर आमच्या डोक्यावरच आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला, त्याची चढण काही ठिकाणी सदतीस फुटांत एक फूट इतकी तीव्र आहे, आणि पुण्याकडून कर्जतकडे उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी उतारू नसतानाही थांबवण्याची चाल आहे. ब्रेक धरतात की नाही, हे उताराच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने पाहिले जाते. चालक किती जुना आणि अनुभवी आहे, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही.

हाताला बळ आल्यावर मी परीक्षेचा क्रम बदलला. पहिला दिवस अंगणातला: सांध्याला बोट लावून फट पाहणे, पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहणे, सायकल वीतभर उचलून सोडणे आणि कोणता आवाज तिचा नाही ते ऐकणे. आवळण्याचा क्रम आधी टोपी, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट. उलट केल्यास टोपी काही काम करीत नाही. डिस्कला तेलकट बोट लागू द्यायचे नाही. ब्रेकमध्ये खनिज तेल चालते की डॉट द्रव, हे लिव्हरवर वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही. चुकीचा द्रव आतील रबरी भाग फुगवून टाकतो. दुसरा दिवस सपाट सडकेचा: मी होनाडच्या बाजूस सकाळी, ट्रकांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी गेलो, वीसेक किलोमीटरच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, पण पूर्ण न थांबता, पुढचा ब्रेक वीस वेळा आणि मागचा वीस वेळा असा वेगवेगळा दाबला, दहाव्या वेळेनंतर पकड हाताला जाणवू लागली. नव्या चाकांच्या तारा पहिल्या काही किलोमीटरांत टिण् टिण् वाजत जागेवर बसतात आणि रिम वाकडी होते; म्हणून पन्नासएक किलोमीटरांनंतर पुन्हा आऊट काढून घेतली आणि प्रत्येक बोल्टला पान्हा लावला. दोन सैल निघाले. टेकाडावर मी अकराव्या दिवशी गेलो, आणि अर्ध्यावर थांबून डिस्क किती तापली आहे, हे तिच्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. हाताने पाहू नये. ते मी कसे शिकलो, हे लिहिण्याची आता आवश्यकता नाही.

यंदा यात्रेत शेजारचा एक मुलगा बोंबलांच्या गर्दीतच मला गाठून मोबाइलवरचे फ्रेमचे चित्र दाखवू लागला. “काका, घेऊ का? स्वस्त आहे.” मी विचारले, ॲक्सलच्या आट्यांचे अंतर किती? ते लिहिलेले नव्हते. मग विचारून घे, म्हणालो. त्याने तेथेच उभे राहून विकणाऱ्याला प्रश्न पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आले: त्याच फ्रेमचे चित्र, निळ्या रंगात.