शेजारच्या शाळेत जाऊन बस गं!

अगं, पहिलीचा वर्ग हातात आला की पोटात गोळा येतो, ते मला ठाऊक आहे. एखादं मूल अंगणवाडीत गाणी शिकून आलेलं, एखाद्याला पेन्सिल धरता येत नाही, कुणाच्या घरी कोरकू नाहीतर पावरी बोलतात, आणि त्याच खोलीत दुसरीची पोरंही बसलेली. वर ‘निपुण’चं लक्ष्य आहेच. २०२१ साली हे अभियान आलं. तिसरीतल्या मुलाने न पाहिलेला उतारा मिनिटाला निदान ६० शब्द या वेगाने, समजून वाचावा, अशी त्यात अपेक्षा आहे. एवढं सगळं एकदम अंगावर आल्यावर कुणीही गांगरेल. पण तुला हे जमणार आहे, याची मला खात्री आहे.

खरं सांगू का, नवीन तक्ते आणण्याआधी एकच कर. तुमच्या केंद्रात ज्या शाळेतली पहिलीची मुलं खरोखर वाचतात, तिथे अर्धा दिवस जाऊन बस.

“माझा वर्ग कोण बघेल?” हाच पहिला प्रश्न ना? मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेव, सोबतच्या शिक्षकांशी बोल आणि मुलांना पुरेल एवढं काम देऊन जा. केंद्रप्रमुखांच्याही कानावर घाल. शिक्षण परिषदेत तुम्ही सगळ्या भेटताच, तिथेच त्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंना विचार. त्यांना ती तपासणी वाटू नये म्हणून सरळ सांग, “मॅडम, मला शिकायला यायचंय.” शिकायला आलेल्याला आपल्याकडे कुणी दारातून परत पाठवत नाही गं.

गेलीस की खुर्ची मागू नकोस. मागे पडलेली मुलं जिथे बसतात, तिथे त्यांच्याशेजारी सतरंजीवर बस. बाईंकडे थोडं कमी आणि मुलांकडे जास्त बघ. शिकवणं फळ्यापाशी दिसतं, पण शिकणं मुलाच्या बोटाखाली दिसतं.

सगळा वर्ग एका सुरात वाचत असतो, तेव्हा एकाच मुलाचं बोट बघ. ते तोंडातल्या शब्दाबरोबर ओळीवरून सरकतंय की मूल खिडकीबाहेर बघत पाठ म्हणतंय? अशा वेळी बाई काय करतात ते टिपून घे. काही जणी मधलीच ओळ वाचायला सांगतात, काही जणी चित्रावर हात ठेवतात. पाठांतर आणि वाचन लगेच वेगळं होतं.

मग बघ, अक्षरं कोणत्या क्रमाने येतात. क पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं, त्यानंतर बाराखडी, आणि शब्द दिवाळीनंतर, असं असेल तर मूल तोवर कंटाळतं. चांगल्या वर्गात मोजकी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह सोबतच येतं. म, क, ल, न आणि काना एवढ्यावर बघ किती शब्द होतात: मामा, काका, नाक, कान, काम, मका, लाल, मला. पोरगं पहिल्याच महिन्यात खरा शब्द वाचतं, आणि वाचता येतं म्हटल्यावर त्याचा चेहरा किती फुलतो!

चुकलेल्या मुलाजवळ तर नक्की थांब. “क ला काना का, म” असं म्हणून मूल अडतं, कारण तुकडे हातात आहेत पण ‘काम’ होत नाही. तिथे बाई उत्तर सांगून टाकतात, की “आता जोडून म्हण” म्हणून वाट बघतात? घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळलेल्या मुलाला त्या दोन्ही अक्षरं शेजारी लिहून फरक शोधायला लावतात का? पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, तिथे कितीतरी मुलं अडखळतात. बाईंनी त्यावर काय युक्ती काढली आहे तेही बघ. आणि घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाचा शब्द बाई फळ्यावर घेतात का, हेही.

साताऱ्याच्या कुमठे बीटचं नाव तू ऐकलं असशील. तिथल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथलं बघून गावोगावच्या वर्गांच्या फरश्याही रंगल्या. रंगवण्यात वाईट काही नाही. पण त्या फरशीवर बसून मूल काय करतं, बाई कधी बोलतात आणि कधी गप्प राहतात, हे न बघता नुसती फरशी आणली तर वाचन सोबत येत नाही. तूही भिंतींचे फोटो कमी काढ.

वर्ग संपला की मधल्या सुट्टीत बाईंजवळ बस. “छान घेतलंत” एवढ्यावर उठू नकोस. “त्या मुलाला तुम्ही पुन्हा का वाचायला लावलंत?” असं नेमकं विचार. त्यांनाही आपण करतो त्याचा विचार शब्दांत मांडायची संधी मिळते. आणि त्यांचं उत्तर तुला कोणत्याही प्रशिक्षणाच्या वहीत मिळणार नाही.

घरी येताना एकच गोष्ट आण. सगळं एकदम करायला गेलीस तर मुलंही गोंधळतील आणि तूही थकशील. बोट ठेवून वाचणं घे, नाहीतर अडलेल्या मुलासाठी थांबणं घे. काही आठवडे तेवढंच नेटाने कर आणि मागे पडलेल्या दोन-तीन मुलांची रोजची नोंद ठेव. त्यांच्यात फरक दिसला की पुढची गोष्ट घे. दिसला नाही तर त्याच बाईंना फोन कर, आणि शक्य झालं तर त्यांना तुझ्या वर्गात बोलाव. त्या येऊन बसतील तेव्हा घाबरू नकोस. तुझ्या मुलांकडे बघणारे आणखी दोन डोळे मिळतायत, असं समज.

पहिलीत वाचायला न शिकलेलं मूल पुढच्या प्रत्येक इयत्तेत, प्रत्येक विषयात मागे राहण्याची भीती असते. म्हणून लाज आणि संकोच आज बाजूला ठेव, आणि येत्या शिक्षण परिषदेत त्या बाईंना विचारच. तुला जमेल गं, नक्की जमेल!