ठिपक्यांचा हिशेब

(महागडा लॅपटॉप घेताना पडद्याची बारकाई आणि आतील यंत्रसामग्री यांचा मेळ कसा घालावा, ते या पाठात सांगितले आहे.)

आडसाली ऊस तुम्हांला चांगला ठाऊक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लागण करायची आणि तोड येईपर्यंत सुमारे दीड वर्ष वाट पाहायची. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतला असा ऊस सोमेश्वर, माळेगाव किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याच्या उसाला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये, असा रास्त दर ठरवला. या दराने दीड लाख रुपयांचा लॅपटॉप सुमारे ४२ टन उसाचा झाला. तोडणी आणि वाहतूक वजा केली, तर आणखी ऊस लागेल. साधारणपणे एका एकराचे पीक त्यात जाते.

समजा, तुमच्या आपांना बारामतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. अब्बा म्हणतात, "घ्यायचा तर एकदाच चांगला घेऊ." दुकानात दोन यंत्रे समोर येतात. दोन्हींची किंमत सारखीच आहे. पहिल्याचा पडदा १५.६ इंचांचा असून त्यावर ३८४० × २१६० ठिपके आहेत. दुसऱ्याचा पडदा १६ इंचांचा आहे, पण त्यावर २५६० × १६०० च ठिपके आहेत. दुकानदार पहिल्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "चाचा, हा फोर-के आहे. यापेक्षा भारी काही नाही." अब्बा आपांकडे पाहतात, आपा तुमच्याकडे पाहतात. आता काय सांगाल?

आधी हे ठिपके काय असतात, ते समजून घेऊ. पडद्यावरचे चित्र सलग दिसते, पण ते बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आपल्या शेताचे उदाहरण घ्या. सेंटिनेल-२ हे युरोपचे उपग्रह जमिनीची चित्रे घेतात. त्यांच्या सर्वांत बारीक चित्रात एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटर लांब व १० मीटर रुंद तुकड्याचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असतो. तेव्हा उपग्रहाच्या या चित्रात तुमचा एक एकर ऊस जेमतेम चाळीस ठिपक्यांत मावतो! कोणत्या गुंठ्यातला ऊस पिवळा पडला, ते त्यात कळेल. कोणती मुळी किडली, ते कळणार नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ मध्ये उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. त्यात उपग्रहाच्या माहितीला शेतातल्या यंत्रांच्या नोंदींची जोड दिली आहे. कारण उघड आहे. ठिपका जेवढा मोठा, तेवढे त्याच्या आतले दिसेनासे होते.

पडद्याचेही तसेच आहे. मात्र ठिपक्यांची नुसती संख्या ऐकून भुलू नये. ते किती जागेत बसवले आहेत, हे महत्त्वाचे. पडद्याचे माप कर्णावर घेतात. म्हणून इथे पायथागोरसचा सिद्धान्त कामाला येतो. १९२० × १०८० ठिपक्यांच्या साध्या पडद्याच्या कर्णावर सुमारे २,२०३ ठिपके बसतात. पडदा १५.६ इंचांचा असेल, तर एका इंचात १४१ ठिपके झाले. याच रीतीने आपल्या पहिल्या यंत्रात इंचाला २८२ आणि दुसऱ्यात १८९ ठिपके येतात. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये १३६६ × ७६८ चा पडदा असे. त्यात इंचाला जेमतेम शंभर भरतात.

मग डोळ्याला किती लागतात? एका अंशाचे ६० भाग केले, तर एका भागाला मिनिट म्हणतात. निरोगी डोळ्याला साधारण एका मिनिटाच्या अंतरावरच्या दोन खुणा वेगळ्या दिसतात. पडदा डोळ्यांपासून ५० सेंटिमीटर दूर असेल, तर हे अंतर ०.१४५ मिलिमीटर होते. म्हणजे इंचाला सुमारे १७५ ठिपके. पडदा ६० सेंटिमीटर दूर ठेवला, तर १४५ पुरतात. ४० सेंटिमीटरवर आणला, तर २१८ लागतात. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला याहून बारीक भेदही कळतो. पण जसजसे ठिपके वाढत जातात, तसतसा फरक कमी जाणवू लागतो, पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात.

कोणी म्हणेल, "मग इंचाला १४१ पुरे की! उगाच जास्त कशाला?" इथे मी थोडा थांबणार आहे. कारण हा प्रश्न इंग्रजी वाचणाऱ्याला जेवढा सोपा आहे, तेवढा तो आपल्याला नाही.

आपण उर्दू वाचतो आणि मराठी शिकतो. उर्दूत बे, पे, ते आणि से या अक्षरांची बैठक एकच आहे. ती ओळखायची फक्त नुक्त्यांवरून. 'पीर' आणि 'तीर' या शब्दांत फरक काय? नुक्ते किती आहेत आणि वर आहेत की खाली, एवढाच. 'दुआ' या शब्दावर एक नुक्ता चढला, की त्याचा 'दगा' होतो. त्यातून नस्तालीक लिपी सरळ रेषेत चालत नाही. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि उतरत उतरत डावीकडे येतो. तिरप्या रेषा चौकोनी ठिपक्यांत बसवणे अवघड. त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. लहान आकाराच्या अक्षरात एका नुक्त्याच्या वाट्याला दोन-तीनच ठिपके आले, तर तीन नुक्ते एकमेकांत मिसळून जातात. वाचणारा मग अंदाजाने वाचतो.

या लिपीने यंत्राला पूर्वीपासूनच घाम फोडला आहे. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने नूरी नस्तालीक तयार केली. त्यासाठी हजारो जोडाकृती एकेक करून काढाव्या लागल्या. पुढे १९९४ मध्ये इनपेज हे सॉफ्टवेअर आले आणि नस्तालीक साध्या संगणकावर उतरली.

देवनागरीही काही कमी नाही, बरे का! 'भाडे' आणि 'भांडे' यांत फक्त एका अनुस्वाराचे अंतर आहे. घरमालकाला भांडे देऊन चालेल का? रफार, मात्रा, जोडाक्षरे, ऱ्हस्व उकार हे सगळे ओळीच्या वर किंवा खाली अगदी थोड्या जागेत बसते. तेव्हा माझे मत असे, की जो दिवसातून चार-सहा तास उर्दू किंवा मराठी वाचणार आहे, त्याने इंचाला १४१ वर समाधान मानू नये. १८० ते २२० ठिपके त्याच्या उपयोगी पडतात. त्याच्या पुढचे पैसे आतल्या यंत्रावर खर्च करावेत.

आता फोर-केची दुसरी बाजू पाहू. पुष्कळांना वाटते, की ठिपके चौपट म्हणजे पडद्यावर चौपट मजकूर मावेल. तसे होत नाही. १५.६ इंचांच्या फोर-के पडद्यावर अक्षरे मूळ मापात ठेवली, तर ती मुंगीएवढी दिसतील. म्हणून संगणक ती दुप्पट मोठी करतो. दुप्पट केल्यावर पडद्यावर १९२० × १०८० एवढाच मजकूर मावतो. अक्षरे सुबक दिसतात, हे खरे. पण कागद तेवढाच राहतो. काही जुनी सॉफ्टवेअर अशी मोठी करताना धूसरही दिसतात.

शिवाय ठिपके फुकट रंगत नाहीत. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचे, तर यंत्राला दर सेकंदाला सुमारे ५० कोटी ठिपके रंगवावे लागतात. २५६० × १६०० मध्ये हे काम जवळजवळ निम्म्यावर येते. आपांना इमारतीचा किंवा यंत्राचा आराखडा तीन मितींत फिरवून पाहायचा असेल, तर हा फरक लगेच जाणवेल. फोर-के पडदा बॅटरीही जास्त खातो. वीज गेल्यावर ही गोष्ट आठवते.

आतल्या भागांत मी पहिला मान रॅमला देतो. एका वेळी जेवढे काम समोर मांडायचे, तेवढे ओट्यावर मावले पाहिजे. रॅम म्हणजे तो ओटा. आजच्या जड कामाला १६ जीबी हवी, आणि चार वर्षे काढायची तर ३२ पर्यंत नेता यावी. आपल्या पहिल्या यंत्रात १६ जीबी रॅम मुख्य पट्टीवर डाख देऊन पक्की केली आहे. ती पुढे वाढत नाही. दुसऱ्यातही १६ च आहे, पण एक जागा मोकळी आहे. पुढच्या वर्षी उसाचे बिल आले, की तिथे आणखी १६ जीबीची पट्टी बसवता येईल. जाहिरातीत ही गोष्ट बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. ती विचारून घ्यावी लागते.

ग्राफिक्स कार्डाची गंमत वेगळी आहे. दोन्ही यंत्रांवर 'आरटीएक्स ४०६०' असे लिहिलेले असू शकते. लॅपटॉपमधले हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या ताकदीने बसवतात. नाव एकच, पण एकाला अर्धी भाकर आणि दुसऱ्याला पोटभर! ज्याला कमी वीज मिळते, ते कमी काम करते. म्हणून नाव वाचून थांबू नका, वॉट विचारा. प्रोसेसरच्या नावातही असेच असते. इंटेलच्या कित्येक प्रोसेसरच्या नावाअखेर 'यू' किंवा 'एच' असते. 'यू' कमी विजेवर चालणारा, 'एच' जास्त ताकदीचा. अंतर्गत साठ्यासाठी ५१२ जीबीची एसएसडी सुरुवातीला पुरते आणि ती बहुधा बदलताही येते.

एक गोष्ट ठिपक्यांच्या गडबडीत मागे पडते, ती म्हणजे रंग. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांचे फोटो काढायला दूरदूरचे लोक जमतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० × ४००० ठिपक्यांचे असते. ते फोर-के पडद्यावरही पूर्ण मावत नाही, एका वेळी सुमारे तिसरा हिस्सा दिसतो. तेव्हा छायाचित्रकाराला बारकाईसाठी चित्र मोठे करून सरकवावे लागतेच. पण रोहिताच्या पंखांचा गुलाबी रंग पडद्याने फिका दाखवला, तर तो बिचारा त्यात आणखी रंग भरतो आणि छापील चित्र भडक निघते. पडद्यांचे रंग मोजायला एसआरजीबी नावाचे प्रमाण आहे. स्वस्त पडदे त्यातले साठ टक्क्यांच्या आसपासच रंग दाखवतात. लग्नाचे अल्बम किंवा रंगीत पत्रिका करणाऱ्याने शंभर टक्क्यांच्या जवळचा पडदा पाहावा, मग तो फोर-के नसला तरी चालेल.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करायला हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत पातळ लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. पुस्तकाएवढा पातळ लॅपटॉप दिसायला देखणा, पण जड काम असेल तर थोडा जाड, मोठे पंखे असलेला बरा. आणि बिघाड झाल्यास कंपनीचा माणूस घरी येईल का, हे विचारावे. पुणे बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटर आहे, इंदापूरहून त्याहून लांब.

एवढा विचार केल्यावर आपांसाठी मी दुसरे यंत्र निवडीन. त्याचे १८९ ठिपके नुक्त्यांना पुरतात, रॅम वाढते आणि कार्डाला हवी तेवढी वीज मिळत असेल, तर आराखडे अडखळत नाहीत. पहिले यंत्र वाईट आहे, असे मात्र नाही. ज्याचे काम फोर-के चित्रपटांचे संकलन करण्याचे आहे, किंवा जो पडद्याला नाक लावून बारीक नक्षी काढतो, त्याने ते खुशाल घ्यावे.

दुकानात जाताना एक पेनड्राइव्ह बरोबर न्या. त्यात उर्दूचे एक पान, मराठीचे एक पान आणि एक फोटो ठेवा. दुकानात चालू असलेली चकचकीत चित्रफीत कोणत्याही पडद्यावर छान दिसते. त्याऐवजी तुमचे पान उघडायला सांगा. नेहमीसारखे बसा, अंतर नेहमीएवढेच ठेवा, अक्षरे लहान करा आणि पे व ते यांचे नुक्ते मोजून पाहा. पडद्यात दुकानातल्या दिव्याचे प्रतिबिंब किती पडते, तेही पाहा. पसंत पडले, तर बिलावर मॉडेलचा संपूर्ण क्रमांक लिहून घ्या. एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन निरनिराळ्या पडद्यांसह विकला जातो आणि त्यांतला भेद फक्त त्या क्रमांकावरून कळतो.

स्वाध्याय

१. कारणे द्या : (अ) फोर-के पडद्यावर चौपट मजकूर मावत नाही. (आ) एकाच नावाची दोन ग्राफिक्स कार्डे सारखे काम करत नाहीत.

२. १४ इंचांच्या पडद्यावर २८८० × १८०० ठिपके आहेत. एका इंचात किती ठिपके येतील? ५० सेंटिमीटर अंतरावरून वाचणाऱ्याला ते पुरतील का?

३. 'भाडे' व 'भांडे' यांसारख्या, केवळ अनुस्वाराने अर्थ बदलणाऱ्या मराठी शब्दांच्या तीन जोड्या शोधा. नुक्त्याने अर्थ बदलणाऱ्या उर्दू शब्दांच्या तीन जोड्या शोधा व त्यांचे मराठी अर्थ लिहा.

४. तुमच्या गावात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात जा. तिथे संगणकावर कोणकोणती कामे होतात, ते विचारा. त्या कामांसाठी पडदा, रॅम आणि रंग यांपैकी कशावर जास्त खर्च करावा, यावर आठ-दहा ओळी लिहा.