पळी वेगळी, पंगत एकच

प्रश्न : आम्ही सदरला राहतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला फल्लीदाणे आणि तीळ या दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं आहे. एरवी घरात निभावतं, अडतं ते सणावाराला. महालक्ष्म्यांचं जेवण, तान्हा पोळा, नाताळात शेजाऱ्यांकडचा केक, संक्रांतीचा तिळगूळ. घरातली मोठी माणसं म्हणतात, तिचं ताट आतल्या खोलीत वाढा, जोखीमच नको. ती विचारते, मी सगळ्यांसोबत का नाही बसायचं? सासूबाईंचं म्हणणं, थोडं थोडं देत राहिलं की सवय होते. नेमकं काय करावं?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : आधी सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. घरी थोडं थोडं देऊन पाहू नका. अजिबात नको.

त्यांचं म्हणणं हवेतलं नाही, हेही सांगायला हवं. लंडनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. चार ते अकरा महिन्यांची 640 बाळं त्यात घेतली होती, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे मुळातच जोखमीची. अर्ध्या बाळांना दाण्याचे पदार्थ नियमित दिले, उरलेल्यांना पाच वर्षांपर्यंत दाण्यापासून दूर ठेवलं. पाचव्या वर्षी तपासलं तर दूर ठेवलेल्यांपैकी 17.2 टक्के मुलांना दाण्याची अ‍ॅलर्जी निघाली आणि खाणाऱ्यांत फक्त 3.2 टक्क्यांना. तेव्हा लवकर खाऊ घातलं की फायदा होतो, हे आजीचं शहाणपण खरंच आहे. पण ते अ‍ॅलर्जी होण्याच्या आधीचं. एकदा झाली, की शरीरातली आयजीई नावाची प्रतिपिंडं दाण्यातल्या प्रथिनाला शत्रू समजून तयारीत बसलेली असतात. मिलिग्रॅमच्या हिशोबाने मात्रा वाढवत नेण्याचा उपचार आहे, पण तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचा, स्वयंपाकघरात नाही. आणि मागच्या वेळी नुसत्या गांधी उठल्या म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावरच भागेल, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पुढच्या वेळी तपासायला जाल तेव्हा त्यांनाच सोबत न्या.

आता ताटाचं. तिला आतल्या खोलीत बसवू नका. वेगळं ताट ही आपल्या समाजात नुसती सोय कधीच नव्हती. पंगतीबाहेर बसवलेल्यांच्या कितीएक पिढ्यांनी ते सोसलं आहे, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी ज्या शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या शहराला हे वेगळं समजावायला नको. तुमच्या घरच्यांच्या मनात काळजीच आहे, मला ठाऊक आहे. पण सहा वर्षांच्या पोरीला आपली काळजी कळत नाही, तिला बंद दार कळतं. वैद्यकाच्या दृष्टीनेही आतल्या खोलीची गरज नाही. शेजारी बसून कोणी दाणे खाल्ले, त्याचा वास आला, एवढ्याने गंभीर त्रास सहसा होत नाही. धोका आहे तो दाणा पोटात जाण्याचा, आणि सणाच्या घाईत तो पोटात जातो पळीवरून, झाऱ्यावरून, कोणाच्या तरी खरकट्या हातावरून. तेव्हा वेगळं ठेवायचं ते या वस्तूंना.

ही शिस्त आपल्या घरांना नवी नाही. एकादशीला उपवासाच्या भगरीत वरणाची पळी कोणी बुडवत नाही. उपवासाचं तिखट वेगळ्या डबीत असतं, तिच्यात हळदीचा चमचा गेला तर आजी सगळी डबी बाजूला काढते. नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकाची चव घ्यायची नाही, हे लहान पोरंसुद्धा पाळतात. इतक्या बारकाईने जे घर उपवास सांभाळतं, त्या घराला 'हा झारा ताईचा' हे कळायला किती वेळ लागेल? लाल दोरी बांधलेली एक पळी, एक झारा, एक लहान कढई, मसाल्याचा एक छोटा डबा. यांना दाणे-तीळ कधीच लागू द्यायचे नाहीत. ही जबाबदारी सासूबाईंकडे द्या. सोवळं ज्यांनी आयुष्यभर सांभाळलं, त्यांच्याइतकी करडी नजर दुसऱ्या कोणाची नसते.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचं पान डोळ्यांपुढे आणा. पुरणपोळी, कढी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची भाजी, वडाभात. यातल्या बहुतेकांत मुळात दाणे नाहीत आणि तीळही नाहीत. वडाभात तर आपला हक्काचा: डाळींचे वडे भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. दाणे लपून बसतात ते कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, चटणीत, चिवड्यात. कोशिंबिरीला कुटाऐवजी ओलं खोबरं घाला. भरल्या वांग्याच्या मसाल्यात दाणे आणि तीळ दोन्ही असतात, तिथे सुकं खोबरं आणि खसखस भाजून वाटा. सांभारवडीच्या सारणातही तीळ पडतात, तिथेही खसखशीवर भागवा. असं केलं की तिच्यासाठी वेगळं काही रांधावं लागत नाही, सगळं घरच तिच्या पानातलं जेवतं. एखादा पदार्थ दाण्याशिवाय होतच नसेल तर तो शेवटी करा, शेवटी वाढा, आणि वाढणाऱ्याने लगेच साबणाने हात धुवावेत. सॅनिटायझरवर विसंबू नका, त्याने दाण्याचं प्रथिन हातावरून जात नाही.

डाळव्याचं पीठ किंवा जवसाची चटणी दाण्याच्या जागी चालेल का, असं पुढे विचाराल. ती आजवर बिनत्रास खात आली असेल तर चालेल. नव्याने सुरू करायचं असेल तर सणाच्या दिवशी नको, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अ‍ॅलर्जीची परदेशी यादी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. हरभऱ्याची अ‍ॅलर्जी आपल्याकडे महत्त्वाची आहे, हे पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी मुंबईतल्या रुग्णांच्या अभ्यासातून 2001 सालीच मांडलं होतं. याच्या उलट टोकही असतं. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका अभ्यासात तपासणीत 26.5 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या अन्नाला संवेदनशील निघाले, आणि खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता होती जेमतेम 1.2 टक्क्यांना. नुसत्या रिपोर्टवरच्या आकड्यांवरून पोरांचं दूध, अंडी, वांगी, सगळंच बंद करून बसलेल्या आईवडिलांनी हे वाचावं. तुमच्या मुलीचं निदान पक्कं आहे, ती गोष्ट वेगळी.

तेलाकडे बारकाईने पाहा. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या रिफाइंड फल्ली तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात ते राहतं. हल्ली हौसेने घाण्याचं तेल आणणारी घरं वाढली आहेत. पाहुणे म्हणून जाल तिथे 'तळण कशात काढलंत?' हे विचारायला संकोचू नका. एकाच कढईत आधी तिळाच्या करंज्या आणि मग शंकरपाळे तळले असतील, तर शंकरपाळ्यात तीळ नसूनही ते तिला चालत नाहीत.

बाहेरची सुटी मिठाई मात्र सरळ टाळा. हे मी कडक शब्दांत लिहिते आहे, कारण 2022 साली आपल्याच नागपुरात दाण्यांना हिरवा रंग देऊन पिस्ता म्हणून विकण्याचा प्रकार उघडकीस आला होता. बर्फीवरचे ते हिरवे काप पिस्त्याचे आहेत की दाण्याचे, हे दुकानदारालाही सांगता येईलच असं नाही. पाकीटबंद पदार्थावर दाणे, काजू-बदाम, दूध, अंडी, गहू, सोयाबीन वगैरेंची अ‍ॅलर्जीची सूचना छापणं 2020 च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्या यादीत तीळ नाहीत. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला, तीळ ज्यांच्या सणात आहे त्या आपल्याकडे अजून नाही. ही उणीव लवकर भरून निघायला हवी. तोवर तिळासाठी घटकांची अख्खी यादी वाचावी लागेल.

संक्रांत हा तुमचा सगळ्यात अवघड सण, आणि त्याचीच तोड सगळ्यात सुंदर आहे. काटेरी हलवा तिळावरच करावा लागतो असं नाही. साबुदाण्यावर, खसखशीवर, चुरमुऱ्यावरही तो करतात. परातीखाली अगदी मंद आच, परातीत साबुदाणा, वरून चमचाभर पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. पहिले कितीतरी हात नुसतीच पांढरी पुटं चढतात, धीर सुटायला लागतो, आणि मग दाण्यादाण्याला बारीक काटा फुटू लागतो. थंडी चांगली पडली असेल तर काटा लवकर येतो. हा हलवा मुलीच्या हातात द्या आणि तिलाच घरोघरी वाटू द्या. 'गोड गोड बोला' ती तेवढ्याच हक्काने म्हणेल. गुळाच्या पोळीत तीळ वगळून बेसन आणि खसखस वाढवली तरी पोळी खुसखुशीत होते. कोणाच्या बाळाच्या बोरन्हाणाला मात्र तिला लुटीत उतरवू नका, जमिनीवरचा हलवा कशावर केलाय ते कळत नाही. तुमच्याच घरी बोरन्हाण असेल तर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि साबुदाण्याचा हलवा एवढंच लुटवा.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि बोजारा म्हणून खाऊ किंवा पैसे घेऊन येतात. ही भोसल्यांच्या नागपूरची देणगी, आणि ती तिच्यापासून हिरावली जाता कामा नये. अमेरिकेत हॅलोविनला मुलं अशीच घरोघर फिरतात. तिथे 2014 पासून काही घरं दारात निळसर हिरवा भोपळा ठेवतात. त्याचा अर्थ, इथे खाऊखेरीज दुसरंही काही मिळेल: पेन्सिली, चेंडू, शिट्ट्या. तुमच्या गल्लीतल्या पाचसहा घरांशी आधीच बोलून ठेवा. आपल्याकडे नाणी देण्याची रीत आहेच, तिला नाणंच द्या म्हणावं. तिचा एक नियम मात्र ठरलेला असू द्या: गोळा करायचं सगळं, खायचं घरी येऊन, आईला दाखवून.

सदरमध्ये राहून नाताळ चुकवणं शक्य नाही, चुकवूही नये. मोहननगरातल्या घरांतून कुलकुल आणि प्लम केकच्या ताटल्या शेजारीपाजारी जातात, तेव्हा ती दारात उभी असणारच. केकमध्ये काय आहे हे घरी करणाऱ्या बाईंना नेमकं सांगता येतं, दुकानाच्या केकबद्दल तेवढी खात्री नसते. तेव्हा आठवडाभर आधी जाऊन सांगा, 'हिला दाणे आणि तीळ बाधतात, दवाखान्यात न्यावं लागतं.' 'चालत नाही' एवढंच म्हटलं तर समोरच्याला ते पथ्य वाटतं आणि मग प्रेमाने आग्रह होतो. दवाखान्याचा उल्लेख केला की आग्रह थांबतो. जाताना सगळ्या पोरांना पुरतील एवढ्या नानखटाया तिच्या हातात द्या, म्हणजे एक तरी पदार्थ असा असेल की तो तिला बेलाशक उचलता येईल.

एवढं करूनही चूक होऊ शकते. म्हणून सणाला बाहेर पडताना अ‍ॅड्रिनॅलिन जवळ हवंच. परदेशात मिळणारं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. डॉक्टरांकडून अँप्युल आणि सिरिंज भरायला शिकून घ्या आणि तिच्या वजनाप्रमाणे मात्रा कागदावर ठळक लिहून त्याच डबीत ठेवा. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोनेक तासांत आवाज बसला, खोकला किंवा घरघर सुरू झाली, उलट्यांसोबत अंगभर गांधी उठल्या, पोरगी एकदम मलूल पडली, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत इंजेक्शन द्यायचं. अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसायचं नाही. तिला आडवं करा, पाय उंच ठेवा, चालवू नका. श्वास लागत असेल तर टेकवून बसवा. 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, काही तासांनी त्रास उलटू शकतो. हे घरातल्या किमान तिघांना यायला हवं, कारण महालक्ष्म्यांच्या दिवशी तुम्ही स्वतः चुलीपाशी अडकलेल्या असाल.

प्रश्न : मला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे. पोळी सोडली, तरी सणाच्या जेवणात नुसता वरणभात आणि ज्वारीची भाकरी खाऊनही कधीकधी त्रास होतो. असं का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : हिंगाचा डबा उलटून वाचा. बाजारातल्या खड्याच्या आणि पुडीच्या बहुतेक हिंगात शुद्ध हिंग थोडा आणि बाकी गोंद व पीठ असतं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, तो आणा. दुसरा संशय गिरणीवर. गव्हाच्या दळणानंतर लगेच ज्वारी टाकली तर पहिले मूठ-दोन मूठ पीठ गव्हाचंच मिसळून येतं. सकाळी गिरणी झाडल्यावर पहिला नंबर लावा, किंवा आधी कोणाचे तांदूळ दळले असतील तर त्यांच्यामागून द्या. फार त्रास होत असेल तर घरगुती चक्की घेणंच बरं. उपवासाची भगर, राजगिरा, शिंगाडा तुम्हाला चालतील, फक्त पिठं सुटी घेऊ नका.