2100 साल कोणाला हवंय?

ग्वाल्हेर-चंबळ भागासाठी आम्ही काही मित्रांनी एक संकेतस्थळ केलं. जिल्हा निवडायचा आणि पुढच्या दशकांत ऊन-पावसाचं काय होईल ते बघायचं. नकाशे आणि कोड माझ्याकडे. कोड लिहायला पुण्यात शिकलो. तो कोणासाठी लिहायचा हे मात्र ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारात, नातलगांच्या आणि दुकानदारांच्या हातात फोन देऊन शिकलो.

1. माणूस नकाशात आधी स्वतःचं घर शोधतो. आत्यानं दोन बोटांनी नकाशा मोठा करत महाराज बाडा गाठला, मग पाटणकर बाजार, मग आपली गल्ली. रंग काही बदलेना. "बिघडलंय रे तुझं हे." बिघडलेलं काही नव्हतं. दक्षिण आशियासाठीच्या कॉर्डेक्स या प्रादेशिक हवामान-मॉडेलांच्या नकाशातला एकेक चौकोन साधारण 50 किलोमीटरचा असतो. नासाचा बारीक केलेला संच घेतला तरी 25च्या आसपास. किल्ला, मुरार, लष्कर सगळं त्यात मावतं. शिवाय बारीक केलेला म्हणजे जुन्या नोंदींशी आकडेमोडीनं जुळवून घेतलेला. गल्लीतलं ऊन त्यानं पाहिलेलं नसतं. आता ठरावीक मर्यादेपुढे नकाशा मोठा होत नाही. आत्याला हा उद्धटपणा वाटतो.

2. 2100 साल फक्त आम्हा मंडळींना प्रिय आहे. कूलर विकणाऱ्या एका काकांनी सरळ सांगितलं, "दुकानाचं कर्ज फिटेपर्यंतचं बोल." माझा सगळ्यात लाडका भाग होता कर्ब-उत्सर्गाचे पर्याय: कमी, मध्यम, भरमसाट. पण येत्या दोनेक दशकांत हे रस्ते एकमेकांपासून फारसे फुटतच नाहीत. मॉडेला-मॉडेलांतला फरक आणि वर्षावर्षाचे चढउतार त्यांच्याहून मोठे असतात. खरी फारकत शतकाच्या मध्यानंतर. म्हणजे काकांच्या कर्जाच्या मुदतीत माझा देखणा मेनू जवळजवळ निरुपयोगी. तो आता एका कोपऱ्यात असतो, आणि अधूनमधून मीच तो उघडून बघतो.

3. दुपारपेक्षा रात्रीची चौकशी जास्त होते, हे मला अपेक्षितच नव्हतं. बातम्यांत गाजतं ते कमाल तापमान, म्हणून आमचं पहिलं पान दुपारचंच होतं. पण मे महिन्यातल्या ग्वाल्हेरच्या दुपारचं इथल्या माणसाला काय कौतुक! दार लावून घ्यायचं, कूलर सुरू करायचा. तक्रार होती ती गच्चीवरही झोप लागत नाही याची. दगडी भिंती दिवसभराचं ऊन रात्री परत करतात. भारताच्या हवामानबदलावरचा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा 2020चा अहवाल तेव्हा मी नीट वाचला: उत्सर्ग भरमसाट राहिला तर शतकाच्या अखेरीस उष्ण दिवसांची वारंवारता 1976–2005च्या तुलनेत सुमारे 55 टक्क्यांनी वाढेल, उष्ण रात्रींची 70 टक्क्यांनी. गच्चीवर झोपणाऱ्यांना हे अहवालाशिवायच कळलं होतं. आता पान रात्रीपासून सुरू होतं.

4. सरकारी कचेरीत सगळ्यात लोकप्रिय सोय कोणती? छपाईचं बटण. एका पानात मावेल असं.

5. नौतपा आमच्या कोणत्याही मॉडेलला ठाऊक नाही. सूर्य रोहिणीत आला की, म्हणजे 25 मेच्या सुमारास, ते कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू होतात, आणि बाजारातला पहिला प्रश्न हाच: नौतपा कसा जाईल? सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. मग वाटलं, मार्च ते मे असा "उन्हाळा" धरणारी आमची पद्धत तरी कुठे आकाशातून पडलीय? शेवटी त्या नऊ दिवसांची वीस-वीस वर्षांची सरासरी काढून दिली. यंदाचा नौतपा तिच्यातून कळत नाही, हे मी दर वेळी सांगतो, दर वेळी पुढचा प्रश्न येतो, "ते ठीक, पण यंदा?"

6. पावसाच्या बाबतीत सरासरी काढणं म्हणजे बरंचसं लपवणं. शहराला पाणी देणाऱ्या तिघ्रा धरणाचा विषय निघाला तेव्हा एका निवृत्त अभियंत्यांनी विचारलं, "सरासरी पावसानं कुठलं धरण फुटलंय?" तिघ्रा स्वतः 1917 साली फुटलं होतं. ऑगस्ट 2021च्या पुरात तर सिंध नदीवरचे पूल वाहून जाताना सगळ्यांनी फोनवर पाहिले. तेव्हापासून वार्षिक सरासरीच्या वर आम्ही एका दिवसातला सर्वाधिक पाऊस ठेवला. तिथे मॉडेलं एकमेकांशी भांडतात. ते भांडणही तसंच मांडतो: किती मॉडेलं वाढ म्हणतात, किती नाही. अभियंत्यांना ते पटलं. काकांना अजून एकच आकडा हवाय.