थेरपिस्टलाही प्रश्न विचारा

ऑनलाइन थेरपीबद्दल शंका घेणारे बहुतेक जण नको तिथे बोट ठेवतात. समोरासमोर बसल्याशिवाय मन कसं मोकळं होणार, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर संशोधनाने बऱ्यापैकी दिलेलं आहे. स्वीडनमधले गेर्हार्ड अँडरसन आणि त्यांचे सहकारी गेली दोन दशकं इंटरनेटवरून दिल्या जाणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराचा, अभ्यास करत आहेत. नैराश्य आणि चिंताविकारांत, थेरपिस्टचं मार्गदर्शन सोबत असेल तर, तिचा परिणाम प्रत्यक्ष भेटीतल्या थेरपीच्या तोडीचा दिसतो. ते मार्गदर्शन काढून घेतलं आणि माणूस एकटाच ॲपशी झुंजत राहिला, की परिणाम घटतो. पडदा हा काही मोठा अडथळा नाही. पण या अभ्यासांच्या जोरावर जाहिरात करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. अभ्यासात भाग घेणाऱ्यांची आधी तपासणी झालेली असते, उपचाराची पद्धत ठरलेली असते, थेरपिस्टच्या कामावर कुणा जाणकाराची नजर असते आणि ठरावीक काळाने प्रश्नावली भरून घेऊन फरक मोजला जातो. मोबाइलवर ‘पहिलं सत्र निम्म्या दरात’ म्हणून जे विकलं जातं, त्यात यातलं काय आहे हे पैसे भरणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून ते विचारून घेण्याचं काम मदत मागणाऱ्यावरच येऊन पडलं आहे, आणि ते पहिल्याच सत्रात उरकावं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात ‘तुम्ही कोण’ इथून. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, त्यांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते आणि औषधं ते लिहून देतात; मानसशास्त्रज्ञाने गोळ्या सुचवल्या तर तिथेच सावध व्हावं. मात्र ‘थेरपिस्ट’, ‘काउन्सेलर’, ‘लाइफ कोच’ ही बिरुदं लावायला आज कुणाला फारशी आडकाठी नाही. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राने २०२१ साली कायदा केला, त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही आले, पण ती व्यवस्था अजून रुळायची आहे. तोवर दोन दिवसांचं शिबिर केलेला आणि एम.ए. करून वर्षानुवर्षं माणसांबरोबर काम केलेली, दोघंही ॲपवर सारख्याच हसऱ्या फोटोत दिसतात.

यावर कुणी म्हणेल, पदवीचं एवढं स्तोम कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ सत्रं दिली. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार नीट मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. मग पदवी नकोच का? इथे जरा थांबून बघावं लागतं. त्या समुपदेशकांची सत्रं ध्वनिमुद्रित होत, सहकारी ती ऐकून गुण देत, रुग्णाची लक्षणं प्रश्नावलीने तपासली जात आणि सत्रं कधी संपणार हे आधीच ठरलेलं असे. पदवीची उणीव देखरेखीने भरून काढली होती. ॲपवरच्या अनेक थेरपिस्टना पदवीही जेमतेम आणि देखरेखही नाही, अशी दुहेरी उणीव असते. म्हणून ‘तुमचं शिक्षण काय’ याला जोडूनच ‘तुमचं सुपरव्हिजन कोण करतं’ हे विचारावं. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याने उत्तर दिल्यासारखंच आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. थेरपी विश्वासावर चालते, उलटतपासणी घेतली तर नातं जुळणार कसं? एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या या नात्याचे तीन घटक सांगितले. आपुलकीचा बंध हा त्यातला एक. बाकीचे दोन म्हणजे उद्दिष्टावर एकमत आणि ते गाठण्यासाठी काय करायचं यावर एकमत. आपण एकमेकांशी काय ठरवतो आहोत हे बोलणं म्हणजे अविश्वास नव्हे, नात्याचा तो पायाच आहे. आयुष्यातल्या बदलांच्या काळात तर हे जास्तच गरजेचं. निवृत्ती, घटस्फोट, बाळंतपण, नोकरी जाणं, मुलं परदेशी गेल्यावर रिकामं झालेलं घर, यांत बरं होणं म्हणजे काय हे ताप उतरण्याइतकं उघड नसतं. दर आठवड्याला तासभर मन मोकळं केलं की हलकं वाटतंच. पण तेवढ्याने झोप परत आली का, कामाला हात लागतो का, नवऱ्याशी किंवा सासूशी बोलताना आवाज चढायचा थांबला का, हे वेगळं पाहावं लागतं. पीएचक्यू-९ सारखी नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली सुरुवातीला आणि दर काही सत्रांनी भरावी. पाच-सहा सत्रांनंतर काहीच हललं नसेल तर पद्धत बदलायची की माणूस, हे मोकळेपणाने बोलावं. दहा-वीस सत्रांचं पॅकेज आगाऊ घेऊ नये. सवलतीच्या मोहाने आपण नेमकी हीच मोकळीक विकून टाकतो.

खचलेल्या माणसाला एवढं सगळं विचारायचं त्राण कुठून येणार? नसतंच. ते घरच्या किंवा मित्रमंडळींतल्या एखाद्याने करावं. नोंदणी तपासायला, दर आणि सत्र रद्द करण्याचे नियम विचारायला रुग्णच लागतो असं नाही.

गुप्ततेचा विषय मात्र ज्याचा त्यानेच नीट समजून घ्यावा. फिनलंडमध्ये वास्तामो ही मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी होती. २०२० साली तिच्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्याचं उघड झालं आणि चोराने एकेका रुग्णाला ईमेल पाठवून दोनशे युरोची खंडणी मागितली. लक्षात घ्या, तिथले बरेचसे रुग्ण प्रत्यक्ष भेटीत बोलले होते. गळती झाली ती साठवलेल्या नोंदींची. अमेरिकेत २०२३ साली बेटरहेल्प या कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून ७८ लाख डॉलर भरण्याची तडजोड केली. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतो. २०२३ च्या डिजिटल डेटा कायद्यात मात्र आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, कडक वर्ग नाही. त्यामुळे सत्राचं रेकॉर्डिंग होतं का, टिपणं कुठे राहतात, खातं बंद केल्यावर ती पुसली जातात का, हे लेखी विचारावं. ऑफिसने फुकट समुपदेशन दिलं असेल तर एचआरपर्यंत काय पोचतं, तेही. आणि दोन खोल्यांच्या घरात सगळ्यात मोठी गळती भिंतीतूनच होते. हेडफोन लावून गच्चीवर किंवा पार्क केलेल्या गाडीत बसलेलं बरं.

पडद्यावरून शरीर तपासता येत नाही, हेही विसरू नये. थायरॉइड मंदावला, बी-१२ कमी पडलं, तरी थकवा आणि उदासी येते. सत्रं सुरू करतानाच फॅमिली डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी. पडद्याची दुसरी मर्यादा अंतराची. परदेशातल्या मराठी माणसाला आपल्या भाषेतला पुण्या-मुंबईचा थेरपिस्ट जवळचा वाटतो, ते स्वाभाविकच आहे. पण अमेरिकेत थेरपीचा परवाना राज्यवार असतो आणि अडचणीच्या वेळी इथल्या थेरपिस्टला तिथली रुग्णवाहिका बोलावता येत नाही. आपला पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा फोन नंबर थेरपिस्टकडे आधीच देऊन ठेवावा. हे इथल्यांनाही लागू आहे.

शेवटी, रात्री दोन वाजता जीव नकोसा झाला तर पुढच्या गुरुवारच्या सत्राची वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.