घटसर्प : विष पेशीत शिरण्यापूर्वी उपचार आवश्यक

घटसर्पाचे जिवाणू सहसा घशातच वाढतात. तरीही रुग्ण पुष्कळदा हृदयावरील आघाताने दगावतो. याचे कारण जिवाणूंनी स्रवलेले विष होय. 1888 मध्ये पॅरिस येथे एमिल रू व अलेक्सांद्र येरसँ यांनी, जिवाणू गाळून काढलेला द्रवही प्राण्यांना मारक ठरतो, हे सिद्ध केले.

विष पेशीत कसे शिरते?
या विषाचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनास चिकटतो. पेशी त्याला आवरणाच्या सूक्ष्म पिशवीत आत ओढून घेते. पिशवीतील आम्लता वाढताच विषाची रचना बदलते व दुसरा भाग पेशीद्रवात उतरतो. तेथे तो प्रथिननिर्मितीस अत्यावश्यक असलेला घटक निकामी करतो आणि पेशी मरते. या भागाचा एक रेणूही त्यासाठी पुरेसा असतो. घशात मृत पेशींचा राखाडी पडदा तयार होतो. रक्तावाटे विष हृदय व मज्जातंतूंपर्यंत पोहोचते.

विलंब का घातक ठरतो?
प्रतिविषाचे इंजेक्शन रक्तातील मोकळे विष निष्प्रभ करते. पेशीत शिरलेल्या विषावर ते चालत नाही. प्रतिजैविके जिवाणूंना मारतात, आधी स्रवलेल्या विषाला नव्हे. म्हणूनच दाट संशय असल्यास डॉक्टर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात.

आपण काय करावे?
• घसादुखी, ताप, गिळताना त्रास, घशात राखाडी पडदा किंवा मानेला सूज दिसल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. श्वासास त्रास होत असल्यास क्षणाचाही विलंब करू नये.
• पडदा खरवडू नये, रक्तस्राव होतो.
• रुग्णाच्या निकट सहवासातील सर्वांनी आरोग्य कर्मचाऱ्यांकडून तपासणी करून घ्यावी.

लसीकरण
लसीत निर्विष केलेले विष असते. त्यामुळे शरीर प्रतिपिंडे आधीच तयार ठेवते व खरे विष पेशीस चिकटण्यापूर्वीच अडविले जाते. बालकास 6, 10 व 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, 16 ते 24 महिन्यांत व 5 ते 6 वर्षांच्या वयात डीपीटी बूस्टर, तसेच 10 व 16 वर्षांच्या वयात टीडी लस द्यावी. या लसी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. एखादी मात्रा चुकली असल्यास लसीकरण कार्ड घेऊन नजीकच्या आरोग्य केंद्राशी आजच संपर्क साधावा.